साखर कारखान्यांनीं जमिनीचें देणें कसें फेडावें

अलीकडे कोणत्याहि उद्योगाचा वार्षिक अहवाल उघडावा तों त्यांत 'शाश्वत' हा शब्द निदान दहा वेळां तरी आढळतो. कारखाना धूर कमी सोडतो, पाणी फिरवून वापरतो, नदींत घाण जाऊं देत नाहीं, एवढें झालें म्हणजे तो शाश्वत झाला असें समजण्याची रीत पडली आहे. हें सर्व चांगलेंच आहे. परंतु उद्योगधंद्यांचा विचार करणारे कांहीं लोक आतां एक पाऊल पुढें टाकून असें म्हणूं लागले आहेत कीं, आणखी बिघाड न करणें एवढ्यानें भागत नाहीं. आजपर्यंत जें बिघडलें तें सुधारून देणें हाहि धंद्याचाच भाग मानला पाहिजे. या दुसऱ्या प्रकारास 'पुनरुज्जीवक' पद्धति असें नांव मिळालें आहे. नांव जड आहे, पण गोष्ट शेतकऱ्यास नवी नाहीं. खंडानें घेतलेली जमीन घेतली तशी परत करणारें कूळ आणि ती बांधबंदिस्ती करून, खत घालून, चढत्या कसाची करून परत करणारें कूळ, यांतला फरक आमच्या वाचकांस सांगावयास नको.

हा फरक उद्योगांत पाहावयाचा असेल तर त्यास साखर कारखान्याइतकें चांगलें उदाहरण दुसरें नाहीं. कापडाच्या गिरणीस एका प्रांतांतला कापूस महाग पडला तर ती दुसऱ्या प्रांतांतून आणवील. साखर कारखान्यास तें साधत नाहीं. तोडलेल्या उंसांतील साखर तासागणिक घटत असते, आणि उंसाच्या वजनाचा बहुतेक भाग पाणीच असल्यामुळें तो फार लांबून वाहून आणणें परवडत नाहीं. म्हणजे भोंवतालच्या शिवारांतील जमीन हीच कारखान्याची खरी ठेव होय. कारखाना सहकारी असला म्हणजे तर जमिनीचा मालक आणि कारखान्याचा मालक हे एकच. विठ्ठलराव विखे पाटील यांनीं धनंजयराव गाडगीळ यांच्या साहाय्यानें लोणीजवळ प्रवरेचा सहकारी कारखाना उभा केला व १९५०-५१ च्या हंगामांत त्याचें गाळप सुरू झालें, तेव्हांपासून महाराष्ट्रांतील ऊंसकरी हा नुसता माल विकणारा राहिला नाहीं.

असें असतां कारखान्याचा ताळेबंद काढून पाहावा. रोलर झिजला, बॉयलर जुना झाला, मोटार वापरली, कीं दर वर्षीं त्याचा घसारा हिशेबांत धरतात; कारण यंत्र झिजतें हें सर्वांस मान्य आहे. जमिनीचा घसारा मात्र कोठेंच लिहिलेला नसतो. तो कारखान्याच्या वहींत नाहीं आणि सभासदाच्याहि वहींत नाहीं. आम्हीं महसूल खात्यांत बरींच वर्षें लेखणी चालविली. तेथील कागदांतहि तो नीट दिसत नाहीं. पूर्वीच्या मोजणीदारांनीं जमिनीची प्रत लावितांना सोळा आणे धरून दोषांप्रमाणें आणे कमी केले, आणि जी लागवडीस अगदींच निरुपयोगी ती पोटखराबा म्हणून वेगळी दाखविली. ती प्रत ज्या वेळीं लागली त्या वेळची. पुढें त्याच गटांत पांढरें फुटलें, ज्वारीसुद्धां उगवेनाशी झाली, तरी सात-बाराच्या उताऱ्यावर क्षेत्र तेंच आणि आकारहि तोच. जुने व नवे पीकपाहणीचे कागद शेजारीं शेजारीं ठेविले म्हणजे मात्र खरा प्रकार कळतो. जेथें ऊंस लिहिलेला असे तेथें कांहीं वर्षांनीं गवत येतें, आणि गवताच्या जागीं पुढें पड. आम्ही गांवाचें नांव सांगत नाहीं. नीरेच्या, कृष्णेच्या व पंचगंगेच्या कांठच्या पुष्कळ गांवांस हें लागू पडेल.

हा रोग आजचा नव्हे. नीरा डावा कालवा १८८५ सालीं सुरू झाला. त्यानंतर पंचवीस वर्षांतच तेथें क्षारांचा उपद्रव इतका वाढला कीं, मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याचे हॅरॉल्ड मान व त्यांचे सहकारी ताम्हाणे यांनीं नीरा खोऱ्यांतील खाऱ्या जमिनींवर १९१० सालीं स्वतंत्र पुस्तिका लिहिली. पुढें पाटबंधारे खात्यांतील इंग्लिस यांनीं दख्खनच्या कालव्यांखालीं निचऱ्याचे चर खणण्याच्या पद्धतींचा अभ्यास केला, आणि १९३२ सालीं पाडेगांवचें ऊंस संशोधन केंद्र निघालें. म्हणजे रोग ओळखून शंभरांहून अधिक वर्षें झालीं आणि औषधहि जवळजवळ तितकेंच जुनें आहे. अडलें आहे तें एवढ्यावरच कीं, औषधाचा खर्च कोणीं करावयाचा.

रोग कसा जडतो तें एकदां हिशेबानें पाहूं. कालव्याचें पाणी गोड लागतें, तरी त्यांत विरघळलेले क्षार असतातच. एका लिटरांत ३०० मिलिग्रॅम, म्हणजे पिण्यासहि हरकत नाहीं, असें पाणी घ्या. उंसास वर्षभरांत सर्व पाळ्या मिळून दोन मीटर उंचीचें पाणी दिलें तर एकरीं सुमारें ८,१०० घनमीटर पाणी होतें, आणि त्याबरोबर सुमारें २,४०० किलो क्षार शेतांत येतात. ऊंस पाणी पितो आणि क्षार बहुतेक मागें ठेवितो. त्यांपैकीं कांहीं भाग चुनखडीच्या रूपानें बसतो; कांहीं पावसाच्या पाण्याबरोबर खालीं उतरतो, पण खालीं वाट असेल तरच. जमीन काळी व भारी, पाणी हात सैल सोडून दिलेलें आणि शेजारचा नाला बुजलेला, अशी स्थिति असली म्हणजे जमिनीखालचें पाणी वर चढत येतें. तें चार-पांच फुटांच्या आंत आलें कीं उन्हाळ्यांत वातीनें तेल ओढावें तसें मातींतून वर ओढलें जातें. पाणी उडून जातें आणि मीठ वर राहतें. ही झाली खारवट जमीन. पुढें याच क्षारांतील सोडियम मातीच्या बारीक कणांस चिकटून बसला म्हणजे कण फुगतात, छिद्रें बुजतात, पाणी वरच्यावर साचून राहतें आणि वाळल्यावर जमीन दगडासारखी होते. ही चोपण. खारवट जमीन निचरा करून गोड्या पाण्यानें धुतली म्हणजे सुधारते. चोपणास त्याशिवाय जिप्सम लागतो, कारण त्यांतील चुन्याचा अंश सोडियमला हुसकून त्याची जागा घेतो. हुसकलेला सोडियम वाहून जाण्यास निचरा नसेल तर जिप्समचे पैसे पाण्यांत गेले असें समजावें. माती न तपासतां जिप्समचीं पोतीं ओतणारे खातेदार आम्हीं थोडे पाहिले नाहींत.

आतां जिच्याकडे वाचकांचें विशेष लक्ष वेधावयाचें ती गोष्ट सांगतों. शुद्ध साखर ही कर्ब, हायड्रोजन व प्राणवायु या तिहींचीच बनलेली आहे. कर्ब उंसानें हवेंतून घेतलेला असतो आणि बाकीचीं दोन द्रव्यें पाण्याच्या व हवेच्या योगानें आलेलीं असतात. नत्र, स्फुरद, पालाश, चुना, गंधक यांपैकीं साखरेंत कांहीं नाहीं. गव्हाचें पोतें विकलें तर त्याबरोबर शेतांतील नत्र व स्फुरद गेलें. दूध विकलें तर चुना गेला. साखरेचें पोतें सातासमुद्रांपलीकडे गेलें तरी त्याबरोबर शेताचा कस जात नाहीं. मग उंसाच्या मोळीबरोबर शेतांतून जो कस निघाला तो गेला कोठें? तो बहुतेक कारखान्याच्या आवारांतच पडून असतो. दुसऱ्या फारच थोड्या धंद्यांस हें भाग्य लाभलें आहे कीं, विकावयाचा माल सगळा विकूनहि जमिनीचें जमिनीस परत करतां यावें.

शंभर टन ऊंस गाळला तर स्थूलमानानें साखर दहा-अकरा टन, ओला भुसा तीस टनांच्या आसपास, प्रेसमड तीन-चार टन आणि मळी चार-साडेचार टन निघते, बाकी पाणी. भुसा बॉयलरांत जळतो. त्यांतील नत्र धुराबरोबर जातें, तें परत मिळावयाचें नाहीं. पण स्फुरद, पालाश व उंसास लागणारी सिलिका हीं राखेंत राहतात. प्रेसमडांत स्फुरद, चुना आणि कुजणारा सेंद्रिय भाग भरपूर असतो. उंसाचें जें सर्वांत मोठें घेणें, म्हणजे पालाश, तें मुख्यतः मळींत उतरतें. मळीपासून मद्यार्क काढला तरी तें पालाश मद्यार्कांत जात नाहीं. मागें जें तपकिरी, उग्र वासाचें सांडपाणी उरतें त्यांत तें सांपडतें. हें सांडपाणी पूर्वीं ओढ्यानाल्यांत जाऊन किती विहिरी नासल्या हें सर्वांस ठाऊक आहे. आतां पुष्कळ ठिकाणीं तें आटवून जाळतात व राख धरून ठेवितात. या राखेपासून केलेलें पालाशयुक्त खत केंद्र सरकारनें २०२१ सालीं खतांच्या अनुदान योजनेंत घातलें, आणि त्यांत पालाश शेंकडा १४.५ असावें असें ठरविलें. आपला देश पालाश खत जवळजवळ सगळें परदेशांतून आणतो. म्हणजे सभासदाच्या शेतांतील पालाश त्याच्याच कारखान्याच्या राखेंत पडून राहावें आणि सभासदानें समुद्रापलीकडचें पालाश दुकानांतून रोखीनें आणावें, असा हा व्यवहार आजवर चालला.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. परत करावयाचें म्हणून कच्चें सांडपाणी टँकरनें आणून शेतांत सोडणें ही परतफेड नव्हे. त्यांतील क्षारांनीं आधींच खारवट असलेली जमीन अधिक बिघडेल. ताजा प्रेसमडहि तसाच पसरूं नये. तो तापतो आणि कोंवळ्या मुळ्यांस बाधतो. तो कुजवूनच घातला पाहिजे. हल्लीं प्रेसमडापासून गॅस काढण्याचे प्रकल्प निघत आहेत, त्यासंबंधीं कोणी विचारल्यास आमचें म्हणणें एवढेंच कीं, गॅस काढल्यावर उरणारा चोथा कोणाच्या शेतांत जाणार हें करारांत आधीं लिहून घ्यावें. गॅसबरोबर कर्बाचा भाग जातो, पण स्फुरद व पालाश चोथ्यांतच असतात.

कुजविण्याची विद्या आपल्या लोकांस परकी नाहीं. अल्बर्ट हॉवर्ड यांनीं १९२४ ते १९३१ या काळांत इंदूर येथें शेतांतील काडीकचरा, शेण, मूत्रानें भिजलेली माती व राख यांचे थर रचून, त्यांना वारा व पाणी बेतानें देऊन, ठराविक वेळीं खालींवर करून खत तयार करण्याची पद्धति बसविली. ती 'इंदूर पद्धति' म्हणून जगभर पसरली, आणि १९३१ सालीं तिच्यावर जें इंग्रजी पुस्तक निघालें त्यावर हॉवर्ड यांच्या जोडीनें यशवंत वाड या आपल्या माणसाचें नांव आहे. हॉवर्ड यांचा मूळ मुद्दा हाच होता कीं, शेतांतून जें निघतें त्यांतील टाकाऊ म्हटलेला भाग शेतास परत मिळाला पाहिजे. सेंद्रिय शेतीच्या नांवानें आज जें पुष्कळ बोललें जातें त्याचें एक उगमस्थान आपल्या माळव्यांत आहे.

कारखान्याच्या आवारांत न येतां शेतांतच राहणारी एक वस्तु मात्र सभासद आपल्या हातानें जाळतो, ती म्हणजे पाचट. एकरीं तीन-चार टन पाचट काडीच्या एका ओढीनें नाहींसें होतें. नत्र व गंधक हवेंत जातें आणि वरच्या थरांतील उपयुक्त जीव होरपळतात. सभासदाची अडचणहि खोटी नाहीं. पाचट पडून राहिलें तर पाणी सरींतून पुढें सरकत नाहीं, उंदीर होतात, आणि खोडवा फुटेल कीं नाहीं अशी धास्ती वाटते. यास तोड अशी आहे कीं, तोडणीनंतर बुडखे जमिनीलगत छाटून पाचट त्यांवरून बाजूस करावें, तें सरींत किंवा एकाआड एक सरींत दाबावें आणि मोकळ्या सरीनें पाणी द्यावें. एक टन पाचटास ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट व १ किलो पाचट कुजविणारें जिवाणू खत हें प्रमाण शेतकी खात्याकडून सांगितलें जातें. पाचट झांकलेल्या खोडव्यास पाण्याच्या पाळ्या कमी लागतात व तण फारसें होत नाहीं. आमच्या मतें हें काम एकट्या सभासदाच्या उत्साहावर सोडूं नये. तोडणीची टोळी कारखान्याची, बुडखे छाटण्याचें यंत्र कारखान्यानें भाड्यानें द्यावें, आणि पाचट न जाळणाऱ्याची नोंद शेतकी कर्मचाऱ्यानें तोडणीच्या नोंदवहींतच करून त्यास कुजविलेला प्रेसमड प्रथम द्यावा.

आतां पैशाचा प्रश्न. शेतांत जमिनीखालीं सुमारें चार फूट खोल, बारीक छिद्रांचे व गाळणीचें कापड गुंडाळलेले नळ ठराविक अंतरावर घालून, ते मोठ्या नळास जोडून, पाणी नाल्यांत किंवा नदींत काढून देणें, हा चोपण-खारवटावरचा खात्रीचा उपाय होय. कर्नाल येथें १९६९ सालीं स्थापन झालेल्या केंद्रीय मृद-लवणता संशोधन संस्थेनें त्यावर पुष्कळ काम केलें आहे. परंतु त्यास एकरीं मोठा खर्च येतो, आणि ज्या शेतांत कांहींच पिकत नाहीं त्याच्या धन्याजवळ तो खर्च करण्यास पैसा नसतो, हें उघड आहे. शिवाय एकट्यानें नळ घालून निभत नाहीं. पाणी शेजाऱ्याच्या शेतांतून पुढें जावयाचें असतें. येथेंच कारखान्याचें काम लागतें. कोल्हापूर जिल्ह्यांत शिरोळ येथील श्री दत्त सहकारी साखर कारखान्यानें अलीकडच्या वर्षांत हें काम अंगावर घेतलें, शेतकऱ्यांस एकत्र आणून भूमिगत निचऱ्याची योजना चालविली, आणि पड पडलेल्या क्षारपड जमिनी पुन्हां लागवडीस येऊं लागल्या. ज्या कारखान्यांच्या गटांत असे पांढरे पट्टे आहेत त्यांच्या संचालकांनीं अहवाल वाचण्यापेक्षां एक दिवस शिरोळास जाऊन यावें.

आमची सूचना अशी कीं, यंत्रांच्या घसाऱ्याप्रमाणें जमिनीच्या घसाऱ्याचाहि निधि प्रत्येक कारखान्यानें सर्वसाधारण सभेच्या ठरावानें उघडावा. टनामागें दहा रुपये काढून ठेविले आणि हंगामांत पांच लाख टन गाळप झालें तर वर्षास पन्नास लाख रुपये जमतात. त्यांतून सगळे नळ होणार नाहींत. पण भूजलाची पातळी पाहण्याच्या नळ्या, माती तपासणी, सपाटीची मोजणी आणि कर्जाच्या व्याजाचा भाग एवढें निभेल. मुद्दल लाभधारक सभासदानें पीक आल्यावर ऊंसबिलांतून हप्त्यानें द्यावें.

यावर चांगल्या जमिनीचा सभासद म्हणेल कीं, खालच्याची जमीन बिघडली, त्याचा भुर्दंड मला कां? यास उत्तर जमिनीच्या उताराकडे पाहून द्यावें. वरच्या अंगाचा बागाईतदार गरजेपेक्षां जास्त पाणी देतो तेव्हां तें नाहींसें होत नाहीं. तें मुरुमांतून झिरपत खालच्याच्या शेतांत वर येतें. वरच्याचें पीक सोळा आणे आणि खालच्याचें शेत पड, या दोन गोष्टी एकाच पाण्यानें झालेल्या असतात. कारखान्यानें दोघांचाहि ऊंस घेऊन नफा केलेला आहे. म्हणून निधि सामाईक असणें न्यायाचें. आणि वरच्यास ठिबक बसविण्यास कारखान्यानें मदत केली तर ती खालच्याच्या निचऱ्यावरच खर्च झाली असें आम्ही समजतों.

पैशाहून चिवट अडचण म्हणजे नाला. नकाशांत नाला दाखविलेला असतो आणि जाग्यावर दोन्ही बाजूंच्या खातेदारांनीं एकेक सरी करीत तो गिळलेला असतो. जमिनीखालचे नळ कितीहि चांगले घातले तरी त्यांचें तोंड बुजलेल्या नाल्यांत उघडत असेल तर व्यर्थ. नैसर्गिकरीत्या वाहणारें पाणी कोणीं अडविलें असेल तर १९०६ च्या मामलतदार कोर्ट कायद्याच्या पांचव्या कलमाखालीं तहसीलदाराकडे दाद मागतां येते, मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आंत. आमचा अनुभव असा कीं, असे दावे भाऊबंदकींत रखडतात; त्यापेक्षां भूमि अभिलेख खात्याकडून नाल्याची मोजणी कारखान्याच्या खर्चानें करून घेऊन, दोन्ही कांठच्या खातेदारांसमक्ष खुणा घालून, पंचनाम्यावर सह्या घेतल्या म्हणजे निम्में काम होतें. कारखान्याचा संचालक जातीनें उभा राहिला तर उरलेलेंहि होतें. एक गोष्ट विसरूं नये. निचऱ्याचें खारें पाणी खालच्या गांवाच्या पाणवठ्याच्या वर सोडलें तर आपला रोग दुसऱ्याच्या दारीं नेऊन टाकल्यासारखें होईल. नळांचें तोंड कोठें उघडावें हें ठरवितांना त्या गांवालाहि बोलवावें आणि पाणी शक्य तों पावसाळ्यांतील मोठ्या प्रवाहांतच जाईल अशी झडप ठेवावी.

वेळेविषयीं थोडें लिहून लेख पुरा करतों. नळ घालण्याचें काम ऊंस तुटल्यावर, जमीन वाफशावर असतां आणि पावसापूर्वीं, म्हणजे फार तर वैशाख अखेरपर्यंत झालें पाहिजे. त्यासाठीं खातेदारांचीं संमतिपत्रें, सपाटीची मोजणी, माती-पाण्याची तपासणी व बँकेची मंजुरी हीं कार्तिकांतच हातीं घ्यावीं लागतात. पहिल्या पावसाळ्यांत शेतास चांगले बांध घालून पाऊस आंतच जिरवावा, मोठें पीक घेण्याची घाई करूं नये; धैंचा पेरून तो फुलावर येतांच गाडावा. ऊंस दुसऱ्या वर्षीं लावावा, आणि तोहि माती पुन्हां तपासून घेतल्यावरच.